सणासुदीचा ताण आणि शरदातील पित्त

भाद्रपदातील गौरी-गणपती आटोपले की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील चिकित्सालयांत रुग्णांचा एक ठरावीक ओघ सुरू होतो आणि तो थेट त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टिकतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर, अर्धे डोके दुखणे, तोंड येणे, अंगावर पित्त उठणे, झोप न लागणे, कारण नसताना चिडचिड. विद्यार्थिदशेपासून आपण ऋतुचर्या मुखोद्गत केलेली असते. वर्षा ऋतूत संचित झालेले पित्त शरदाच्या सूर्यसंतापाने प्रकुपित होते, हे सूत्र जिभेवर तयारच असते. त्यातच रुग्ण स्वतः सांगतो, "डॉक्टर, सणाचं तळलेलं अन् गोड जरा जास्तच झालं." हेतू सापडला, निदान झाले, कामदुधा आणि लघु सूतशेखर लिहून होते आणि पुढच्या रुग्णाची पाळी येते. प्रस्तुत लेखकाने तीस वर्षे हेच केले आणि त्यात सर्वस्वी चूक होती असेही नाही. परंतु या ओघातील काही रुग्णांच्या बाबतीत आपण ऋतूच्या माथी जे मारतो ते ऋतूचे नसते, असे अलीकडे वारंवार अनुभवास येऊ लागले. ते वैद्यबंधुभगिनींपुढे आणि औषधी विक्रेत्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात रसवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे दिली आहेत. गुरु, शीत आणि अतिस्निग्ध आहार, तोही मात्रेबाहेर; आणि त्याच श्लोकात, त्याच दमात, अतिचिंतन. हा श्लोक आपण परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे त्यातील पूर्वार्धावरच व्यवसाय केला, असे म्हटले तर राग मानू नये. बासुंदी-श्रीखंडाची आणि करंजी-अनारशांची चौकशी आपण न चुकता करतो. चिंतेची करीत नाही. वास्तविक रसवहाचे मूळ हृदय, आणि हृदय हेच मनाचेही अधिष्ठान. त्रिविधकुक्षीय अध्यायात तर आचार्य याहून स्पष्ट बोलतात. पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखदायक शय्या आणि जागरण यांच्यामुळे ते पचत नाही. म्हणजे एकही चकली न खाता दिवाळीचे अजीर्ण होऊ शकते. सणासुदीचा काळ हा असा काळ आहे की ज्यात श्लोकाचे पूर्वार्ध-उत्तरार्ध एकाच घरात, एकाच आठवड्यात एकत्र येतात.

एका रुग्णेची हकीकत

पंचावन्नच्या आसपास वय असलेल्या एक गृहिणी सन २०१९ पासून दर आश्विनात आमच्याकडे येत असत. उरात जळजळ, सकाळी मळमळ, अन्नावर वासना नाही, पहाटे तीन-साडेतीनला जाग येऊन पुन्हा झोप नाही. नाडी, जिव्हा, मल-मूत्र सर्व पाहून शरदातील पित्तप्रकोप व अम्लपित्त असे निदान केले होते. भूनिंबादि काढा, कामदुधा, शतावरी घृत असा क्रम चाले. २०२१ साली मृदू विरेचनही दिले. दरवर्षी कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास त्यांना बरे वाटे आणि दरवर्षी त्याचे श्रेय आम्ही औषधाला देत असू. केसपेपरवर "उपशय उत्तम" असा शेरा चार वर्षे ओळीने आहे.

२०२३ साली त्या नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा आल्या. ऑक्टोबरचा कडक उन्हाळा तोवर सरत आला होता, पहाटेची थंडी सुरू झाली होती. मी सहज म्हणालो, "ताई, यंदा उशीर केलात. पित्ताने यंदा दया केलेली दिसते." त्यावर त्या म्हणाल्या, "यंदा सणच उशिरा आलेत ना, डॉक्टर."

हे वाक्य त्यांच्या दृष्टीने अगदी साधे होते. माझ्या मात्र डोक्यातून ते जाईना. त्या गेल्यावर जुने केसपेपर काढले. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता आणि भाऊबीज २६ ऑक्टोबरला. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने दसरा २४ ऑक्टोबरला आणि भाऊबीज १५ नोव्हेंबरला गेली. ऋतू सूर्याच्या गतीने चालतो, सण तिथीने. अधिक मास आला म्हणून ऑक्टोबरचे ऊन वीस दिवस थांबून राहत नाही. या बाईंची जळजळ मात्र वीस दिवस थांबली होती. शरदाचे पित्त पंचांग पाहून प्रकुपित होत नाही. तेव्हा पंचांगाप्रमाणे चालणारे ते दुसरेच काही असले पाहिजे.

पुढील भेटीत औषध बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारला: "दिवाळीला तुमच्या घरी कोण कोण येतं, आणि कोण येत नाही?" पहिल्या भागाचे उत्तर त्यांनी तपशीलवार दिले. दुसऱ्या भागापाशी थांबल्या आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांचे वडील २०१८ मध्ये निवर्तले. वडिलोपार्जित जमिनीवर मुलींचाही हक्क असल्याने भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली. या बाईंनी नकार दिला नव्हता, यजमानांच्या आजारपणामुळे फक्त थोडी सवड मागितली होती. त्या वर्षापासून वीस किलोमीटरवर राहणारा पाठचा भाऊ भाऊबीजेला आला नाही. दसऱ्याला सोने द्यायला तरी येईल, निदान फोन तरी करील, अशी वाट दसऱ्यापासून सुरू होई. भाऊबीज उलटली की संपे. त्या संध्याकाळी त्या चंद्राला ओवाळीत. ज्यांना भाऊ नाही त्या बहिणींनी करावयाचा हा आचार. भाऊ हयात असताना तो करावा लागणे काय असते, ते पित्तशामक औषधाच्या पुडीवर लिहिता येत नाही. भाऊबीजेनंतर आठ-दहा दिवसांत त्यांना बरे वाटू लागे आणि आम्ही लिहीत असू, "उपशय उत्तम".

एका रुग्णेवरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्यच आहे. ऋतूचे पित्त खोटे आहे असेही म्हणावयाचे नाही. बहुसंख्य रुग्णांत तेच खरे असते. परंतु प्रत्येक चिकित्सकाला घरबसल्या करता येईल अशी एक पडताळणी यातून सुचते. दरवर्षी शरदात येणाऱ्या जुन्या रुग्णांचे केसपेपर काढावेत आणि लक्षणे सुरू झाल्याच्या तारखा लागोपाठच्या दोन वर्षांत ताडून पाहाव्यात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे तो २० ऑक्टोबरला येतो. ज्याची तक्रार सूर्याबरोबर येते तो ऋतूचा रुग्ण. ज्याची तक्रार तिथीबरोबर सरकते त्याच्या घरात डोकवावे.

प्रश्नपरीक्षेत काय विचारावे

दर्शन-स्पर्शन-प्रश्न या त्रयीतील प्रश्न हा सणाच्या दिवसांत सर्वांत दुबळा पडतो, कारण बाहेर बाकावर दहा माणसे खोळंबलेली असतात. तरीही वर सांगितलेला "कोण येतं आणि कोण येत नाही" हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे, तिथे गोडधोड होत नाही. शेजारी फराळाचे ताट आणून देतात आणि त्या ताटाकडे पाहून घरातील विधवा जेवायचीच राहते. हळदी-कुंकवाचे बोलावणे न आलेली सून असते. मुले परदेशी असलेले वृद्ध जोडपे असते. दोघांसाठी चार करंज्या करण्यात काय अर्थ, असे म्हणून त्यांनी फराळ बंद केलेला असतो आणि नातवंडांचा व्हिडिओ कॉल संपल्यावर संध्याकाळभर कोणी बोलत नाही. यांपैकी कोणीही आपल्यासमोर "मला ताण आहे" असे म्हणणार नाही. ते म्हणतील, पित्त झाले आहे.

दुसरा प्रश्न पैशांचा. तो विचारायला आपण संकोचतो, पण ग्रामीण चिकित्सकाने संकोचू नये. सोयाबीनची काढणी आणि दिवाळी मराठवाडा-विदर्भात एकाच सुमारास येतात. परतीच्या पावसाने गंज भिजली किंवा भाव पडला की मुलांच्या कपड्यांचा प्रश्न शेतकऱ्याच्या पोटात उतरतो. बीडकडील वैद्यांना वेगळे सांगावयास नको की ऊसतोड कामगारांच्या घरात दिवाळी म्हणजे निघण्याची तयारी. उचल आधीच घेऊन संपलेली असते, मुलांना आजीपाशी ठेवायचे असते आणि पुढचे पाच-सहा महिने फडात काढायचे असतात. अशा जोडप्याला अंगदुखीचे तेल आणि आठ दिवसांच्या गोळ्या देणे ही चिकित्सा नव्हे. त्यांच्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या चालू औषधांचा पुरेसा साठा बरोबर आहे का, कारखान्याच्या परिसरात ती कुठे मिळतील, एवढे जरी निघण्यापूर्वी पाहिले तरी त्यांच्या काळजीचा एक भाग कमी होतो.

लक्षणांवरूनही काही अंदाज बांधता येतो. केवळ ऋतुजन्य पित्तात दाह, तृष्णा, पीतता ठळक असते, दुपारी वाढते, तिक्त-मधुर-शीत उपचारांनी चटकन शमते. चिंतेने रस दुष्ट झाला असेल तर अरुची, तोंडाला चव नसणे, हृल्लास, अंग जड होणे, अंगमर्द ही सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील रसप्रदोषज लक्षणे पुढे येतात. जाग पहाटे येते, म्हणजे वाताच्या प्रहरी. भूक एक दिवस लागते, एक दिवस लागत नाही. अर्थात दोन्ही एकत्र असणे हेच अधिक आढळते.

येथे एक इशारा. चाळिशीपुढील माणसाची छातीतील जळजळ, विशेषतः घाम, धाप, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर, ती पित्ताची समजून पुडी देण्याआधी ईसीजी काढून घ्यावा. "सणाचे खाणे झाले" हे हृद्रोगाला लपायला फार सोयीचे पांघरूण आहे. मधुमेही रुग्णात आणि स्त्रियांत ही लक्षणे पुसटही असतात.

अडवलेले वेग

सणाचा ताण म्हटले की आपण मनाकडे वळतो, पण त्याचा मोठा भाग शुद्ध शारीरिक असतो आणि तो चरकांच्या नवेगान्धारणीय अध्यायात जसाच्या तसा सापडतो. गौरी जेवणाचा दिवस घ्या. घरची सून पहाटे चारला उठते. सोळा भाज्या, पुरण, वडे. नैवेद्य होईपर्यंत तिने खायचे नाही, नंतर पंगती, नंतर जावा-नणंदा, आणि ती स्वतः तीन-साडेतीनला बसते तेव्हा भूक मेलेली असते. क्षुधा अडवली, तृष्णा अडवली, ओट्यापासून हलता येत नाही म्हणून मूत्रवेग अडवला, निद्रा अडवली, श्रमश्वास अडवला. तेरा अधारणीय वेगांपैकी पाच एका दुपारी झाले. जावेचे बोलणे लागले आणि सणाच्या दिवशी रडू नये म्हणून डोळ्यांतले पाणी गिळले, की बाष्पवेग सहावा. क्षुधानिग्रहाने दौर्बल्य, अंगमर्द, अरुची आणि भ्रम होतो असे आचार्य सांगतात. बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चक्कर येते म्हणून येणाऱ्या स्त्रियांची यादी करून पाहावी. आपण त्यांना रक्त कमी आहे असे सांगतो. ते असतेही, पण त्या दिवसाची चक्कर त्या दिवसाची असते.

गंमत अशी की याच अध्यायात धारण करण्यायोग्य वेगही सांगितले आहेत: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, ईर्ष्या इत्यादी. सणाच्या घरात नेमकी उलटी स्थिती दिसते. ज्यांनी राग आवरावा ते यथेच्छ बोलतात आणि जिने चार घास वेळेवर खावेत ती उपाशी राहते.

यावर मोठा उपाय नाही, छोटे आहेत. सुनेने सकाळी सात-आठला मुगाचे कढण, राजगिऱ्याची लापशी किंवा निदान दूध घ्यावे, आणि हे तिच्या सासूसमोर सांगावे. चिकित्सकाच्या तोंडून आले की ते घरात चालते. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात, ती तयारी आधी उरकता येते. बाकी फराळ घरातील सगळ्यांनी मिळून दोन रात्रींऐवजी दोन रविवारी करावा. आणि काही पदार्थ विकत आणले तर लक्ष्मी रुसत नाही, हेही वैद्याने म्हणायला हरकत नसावी. आमच्या पिढीला ते पटायला वेळ लागला.

जागरणाविषयी वाग्भटांचा उपाय सणाच्या दिवसांत विशेष उपयोगी आहे. सवय नसताना जितका वेळ जागरण झाले असेल त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता, झोप घ्यावी. कोजागरीला, गणपतीच्या मिरवणुकीला, बंदोबस्तावरील पोलिसाला, जादा गाड्या चालविणाऱ्या एस.टी. चालकाला हे सांगता येते. लोक नेमके उलट करतात. सकाळी चहा-पोहे घेऊन तसेच कामाला लागतात आणि दुपारी भरल्या पोटी झोपतात. शरदात दिवास्वाप वर्ज्य सांगितला आहे तो याच संदर्भात आठवावा.

आणि आवाज. चरकांनी असात्म्येन्द्रियार्थसंयोगात शब्दाचा अतियोग सांगताना मेघगर्जना व आरडाओरडा यांच्याबरोबर पटह, म्हणजे नगारा, याचे नाव घेतले आहे. ढोल-ताशाच्या पथकांपुढे आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे तो बिचारा पटह काय! रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी घालणारे नियम २००० सालापासून आहेत. काही दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूटही आहे. ती सूट घराजवळच्या हृद्रोग्याला किंवा तान्ह्या बाळाला लागू होत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांत आपले रुग्ण असतातच. त्यांच्याशी उत्सवापूर्वी बोलावे. उत्सव सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

शोधनाची वेळ

शरदातील विरेचन सर्वांना ठाऊक आहे, पण ते प्रत्यक्षात घडत नाही, कारण नवरात्र, दसरा, दिवाळी यांच्या मध्ये रुग्णाला संसर्जन क्रम पाळायला सवडच नसते. पेया-विलेपीच्या दिवशी घरात पुरणपोळी शिजते आणि सगळे कष्ट वाया जातात. आमच्याकडे काही वर्षांपासून पितृपक्षाचा पंधरवडा यासाठी वापरतो. अनंत चतुर्दशीनंतर पाच दिवस स्नेहपान, तीन दिवस अभ्यंग-स्वेदन व विश्राम, चौथ्या दिवशी विरेचन, आणि मध्यम शुद्धी झाल्यास पाच दिवस संसर्जन. चौदा दिवसांत काम होऊन घटस्थापनेला रुग्ण मोकळा होतो. या पंधरवड्यात लग्नमुंज नसते, खरेदी नसते, पाहुणे कमी असतात. अडचण दोन बाबतींत येते. एक, पितृपक्षात नवे काही सुरू करू नये ही समजूत. त्यावर "औषध हे नवे काम नव्हे, जुन्या रोगाची निरवानिरव आहे" असे आम्ही सांगतो आणि बहुधा चालते. दुसरी, श्राद्धाच्या खीर-वड्यांची. घरच्या श्राद्धाची तिथी आधी विचारून क्रम बसवावा लागतो. स्नेहपानास पात्र नसलेल्यांना अविपत्तिकर चूर्ण किंवा मनुका-बहाव्याचा मगज देऊन मृदू अनुलोमन करावे, बळेच पूर्ण विरेचन करू नये.

पित्त असे आधी मोकळे केलेला माणूस सणातील कटकटी अधिक सोसू शकतो, असा अनुभव आहे. भावाची वाट पाहणे त्याने थांबत नाही, पण त्याची जळजळ कमी होते.

नवरात्रातील उपवासाचे वेगळे प्रकरण करण्याची गरज नाही. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि दिवसातून सहा वेळा चहा याला लंघन म्हणता येत नाही, एवढे पुरे. मधुमेहाच्या आणि मानसरोगाच्या रुग्णांनी नऊ दिवस गोळ्या बंद ठेवल्याचे मात्र आढळते. त्यांना घटस्थापनेपूर्वीच बोलावून समज द्यावी.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

दुकानदारांसाठी हे दिवस वर्षातील सर्वांत दाट गर्दीचे. उटणे, अभ्यंगाचे तेल, नंतर च्यवनप्राश. घाऊक व्यापाऱ्याची उधारी, नव्या वहीचे पूजन, आणि मुदत संपत आलेला माल. २०१६ पासून राष्ट्रीय आयुर्वेद दिन धनत्रयोदशीला असल्यामुळे शिबिरे, भाषणे यांचीही भर त्याच आठवड्यात पडे. २०२५ पासून तो २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस आणला गेला, त्यामुळे धनत्रयोदशीला धन्वंतरिपूजन करून धणे-गुळाचा प्रसाद शांतपणे वाटता येतो. प्रस्तुत लेखकाला हा बदल सोयीचा वाटला. काही ज्येष्ठ वैद्यांना तो रुचलेला नाही, हेही नमूद करतो.

या गर्दीत गल्ल्यापाशी येणारी एक मागणी जपून हाताळावी: "झोपेची आयुर्वेदिक गोळी द्या, साइड इफेक्ट नसलेली." अशा वेळी सर्पगंधायुक्त योग हातात ठेवणे सोपे असते. सर्पगंधेचा इतिहास आपल्या अभिमानाचा आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेल्या रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील लेखाने ती जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. परंतु त्याच दशकात रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र विषाद उत्पन्न झाल्याचीही नोंद झाली. जो माणूस सणात खिन्न होऊन झोप हरवून बसला आहे, त्याला नेमके हेच द्रव्य चिकित्सकाच्या सल्ल्याशिवाय देणे धोक्याचे. रक्तदाबाच्या इतर गोळ्या चालू असतील तर धोका दुहेरी. तिथे वैद्याकडे पाठवावे, आणि तोवर रात्री पादाभ्यंग आणि कोमट दूध सुचवावे. यात दुकानदाराचे दोन पैसे जातात, गिऱ्हाईक राहते.

सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट मागणाऱ्याला मधुमेह आहे का, हे विचारल्याशिवाय बाटली देऊ नये. अवलेहांचेही तेच. आणि जो गिऱ्हाईक दर दोन दिवसांनी पित्ताची पुडी न्यायला येतो, त्याची दखल सर्वांत आधी दुकानदारालाच लागते. चिकित्सकाकडे तो महिन्याने येतो. "काका, चौथी पुडी झाली, एकदा दाखवून घ्या" हे शब्द गल्ल्यावरून यायला हवेत.

ताणाचे रूपांतर कधी कधी गंभीर विषादात होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्नता, कशातच रस नसणे, "आता सगळं पुरे झालं" अशी भाषा, किंवा घरातील हिशेब अचानक मिटवू लागणे, ही चिन्हे आढळल्यास सरळ विचारावे की जीव नकोसा वाटतो का. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती निराधार आहे. उलट रुग्णाला मोकळे वाटते. अशा रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवावे. शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. चिकित्सालयाच्या आणि दुकानाच्या भिंतीवर, दिनदर्शिकेशेजारी, तो ठळक लिहून ठेवावा. आधुनिक औषधे चालू असलेल्या मानसरोग्याला ती बंद करायला सांगण्याचा उत्साह आपल्यापैकी कोणी दाखवू नये.

सत्त्वावजय म्हणजे प्रत्यक्षात काय

अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, ही व्याख्या आपण सांगतो आणि रुग्णाला म्हणतो, "मनाला लावून घेऊ नका." हा सत्त्वावजय नव्हे. ज्याला लागले आहे त्याला न लावून घेणे जमत असते तर तो आला नसता. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती, समाधी हे मानस दोषांवरील उपाय आचार्यांनी सांगितले ते क्रमाने घ्यावयाचे असतात आणि त्यांना वेळ द्यावा लागतो.

वर उल्लेखिलेल्या ताईंच्या बाबतीत पहिले पथ्य आम्ही स्वतः पाळले: भावाकडे निरोप पाठविला नाही. चिकित्सकाने पंच होऊ नये. जमिनीच्या कागदाबाबत वकिलांचा सल्ला घ्या, एवढेच सांगितले. २०२४ च्या घटस्थापनेपासून आठवड्यातून एकदा, रुग्ण संपल्यावर, त्यांना यजमानांसह बोलावले. पहिल्या दोन भेटींत त्या मुख्यतः रडल्या. सणाच्या दिवसांत घरात रडणे अशुभ म्हणून सहा वर्षांचा बाष्पवेग तुंबलेला होता. त्याला वाट मिळणे ही चिकित्साच होती, असे आता वाटते. त्यानंतर एक गोष्ट आधी ठरवून घेतली. भाऊबीजेच्या संध्याकाळी काय करायचे ते त्या दिवशी ठरवायचे नाही, दसऱ्यालाच ठरवायचे. वाट पाहण्यातील अनिश्चितता जेवढी जाळते तेवढा प्रत्यक्ष नकारही जाळत नाही. त्यांनी ठरविले की शेजारच्या दोन लहान मुलांना ओवाळायचे आणि नंतर चंद्राला. फोनकडे पाहायचे नाही. दुपारचे जेवण साडेबाराला, सर्वांबरोबर. रात्री जटामांसीचा फांट, तळपायांना तूप. कामदुधा गरजेपुरती.

त्या वर्षी जळजळ झाली, पण पाच आठवड्यांऐवजी आठ दिवस टिकली. झोप बिघडली ती दोन रात्री. २०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. भाऊ आला नाही. द्वितीयेची कोर लवकर मावळते म्हणून त्यांनी अंगणात निरांजन आधीच तयार ठेवले होते, असे त्यांनीच दोन दिवसांनी येऊन सांगितले. हातात चिवड्याचा डबा होता. औषध मात्र त्यांनी या खेपेस यजमानांसाठी मागितले. चकल्या त्यांनी जास्त खाल्ल्या होत्या.